आठचा ॲव्हरेज

१

सुकेळी खिंडीच्या वळणावर कोळशाच्या गोण्या अजून तशाच फुटून पसरल्या होत्या आणि टेंपो चाकं वर करून पडला होता. चालवणारा आदल्या दिवशीच गेला होता. त्याला घेऊन गेले होते, गाडी माझ्यासाठी ठेवली होती.

मी दर्शना म्हात्रे, पेणची. अपघात झालेली गाडी तपासायची आणि चूक गाडीची की चालवणाऱ्याची हे विमा कंपनीला सांगायचं, हा माझा धंदा. बाईमाणूस गाडीखाली शिरते म्हणून सुरुवातीला लोक हसायचे. आता हसत नाहीत, कारण मी तोंडाची फटकळ आहे हे वडखळपासून कोलाडपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालंय.

या टेंपोत तपासण्यासारखं फार काही नव्हतंच. ब्रेकचा पाइप इतका गंजला होता की नखाने पापुद्रे निघत होते. असला डबा कुठलाही जाणता ड्रायव्हर हातात घेत नाही. मग यानं का घेतला, असा विचार करत मी गाडीखालून बाहेर आले, तर समोर एक बाई उभी. रडून झालेलं होतं. मेलेल्या भरत हिलमची ती बायको, पारी. डोंगरातल्या वाडीतून चालत आणि मग कुणाच्या तरी रिक्षातून ती इथवर आली होती.

चूक कुणाची, एवढंच तिने विचारलं. मी सांगितलं, त्याची नाही, ब्रेकची. तिने मान हलवली. तिला ते आधीच माहीत असावं. हा टेंपो कोणी चालवेना म्हणून त्याच्या गळ्यात पडला होता, आणि त्याला दुसरी गाडी कोणी देईना म्हणून त्यानं तो घेतला होता, असं ती म्हणाली. त्याला डिझेलचोर ठरवलं होतं.

मी आवराआवर करायला लागले. माझं काम संपलं होतं. तेव्हा ती म्हणाली, “ज्या गाडीत त्यो मेला ती तुमी बघितली, बाय. आता ज्या गाडीनं त्याला मारला ती पन बघा.”

२

भरत हा तळ्याच्या वाडीतला पहिला लायसनवाला. वाडी कातकऱ्यांची, रोह्याच्या वरच्या डोंगरात. तिथली माणसं पिढ्यानपिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबलेली, भरतचा बापही त्यातलाच. वाडीच्या खाली आरोन अष्टमकरांची आंब्याकाजूची बाग आहे. बागेच्या फोर-बाय-फोर पिकअपवर भरत लागला तेव्हा वाडीने त्याला ओवाळलं होतं. कलमं, नारळ, भाजी घेऊन त्याची पेणच्या बाजाराला ठरलेल्या वारी फेरी असे.

पाऊस संपला आणि गाडीचा ॲव्हरेज घसरला. लिटरला बारा किलोमीटर जाणारी गाडी आठवर आली. आरोनने दोनतीन महिने वाट पाहिली, मग भरतला समोर उभं करून विचारलं. भरत काही बोलला नाही. आरोनने किल्ली काढून घेतली आणि बागवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं की भरत हिलमला कुणी गाडी देऊ नये. त्यानंतर कोळशाच्या ठेकेदाराखेरीज कुणीच दिली नाही.

कातकऱ्याला चोर म्हणायला आपल्याकडे पुरावा लागत नाही. इंग्रजांनी एकदा गुन्हेगार जमातींच्या कायद्यात तसं कागदावर लिहून ठेवलं होतं. तो कागद रद्द झाला, पण लोकांच्या तोंडातून ते गेलं नाही. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पारीला भरपाईबद्दल काही बोलायचं नव्हतं. भरतचं दिवसकार्य व्हायचं होतं, त्याला चार वाड्यांचे पैपाहुणे येणार होते. “चोराचं कार्य करायचं नाय मला,” ती म्हणाली. “चोर असंल तर तसं सांगा. पन बघून सांगा.” एवढ्यावर मी हो म्हटलं.

आरोन अष्टमकर धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट इंजिनीअर आहेत. सुट्टीच्या दिवशी मी बागेत गेले, तर ते स्वतः पिकअप धूत होते. उंच गाडी, जाड नक्षीचे टायर, टपावर लोखंडी कॅरियर, त्यावर दिव्यांची माळ. एवढा बाजार डोक्यावर बांधल्यावर वारा अडणारच, मी म्हटलं, मग डिझेल कुणी प्यायलं म्हणून शोधत बसायचं. ते रागावले नाहीत. भला माणूस वाटला, तेच मला नको होतं. वाईट माणूस असता तर काम सोपं गेलं असतं.

पुरुषांना बायकोचा रक्तगट ठाऊक नसतो पण गाडीचा ॲव्हरेज तोंडपाठ असतो. आरोन तर इंजिनीअर. टाकी गळ्यापर्यंत भरायची, मीटर शून्यावर आणायचा, पुढच्या वेळी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची, अशी त्यांची पद्धत. तिच्यात खोट नव्हती. कॅरियर आधीपासूनच होतं, तेव्हाही बारा मिळत होते. एअर फिल्टर नवा, माल तेवढाच, रस्ता तोच. किलोमीटरही वाढले नव्हते, म्हणजे गाडी भलतीकडे फिरली नव्हती.

“आणि त्याला काढून बदली ड्रायव्हर ठेवला, तर ॲव्हरेज लगेच बारावर,” आरोन म्हणाले. “सगळं तेच आहे, मॅडम. बदलला तो फक्त ड्रायव्हर. तुम्हीच सांगा मी काय समजायचं?”

मी वहीत दोन्ही आकडे लिहून घेतले. भरत मेल्याचं कळल्यापासून त्यांना झोप लागत नव्हती, हेही त्यांनी सांगितलं. पण आपण चुकलो असं त्यांना वाटत नव्हतं.

अष्टमकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरात ते आणि त्यांची आई, एवढेच. बायको आणि मुलगी दोन वर्षांपूर्वी इस्राएलला गेल्या होत्या. तिथे आधीच अर्धं गोत पोचलेलं. इथे आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुषसुद्धा जमत नाहीत. आरोनचे कागद तयार होते, उन्हाळ्यात त्यांनी जायचं ठरलं होतं. आईने इथेच राहायचं म्हणून हट्ट धरला होता, बागेजवळ, नवऱ्याच्या कबरीजवळ.

नाओमीबाई ओट्यावर उंच खुर्चीत बसल्या होत्या. अंगाने वाळलेल्या, पण केस नीट विंचरलेले. मी आले तरी त्या उठल्या नाहीत. चहा करायला त्यांनी आरोनलाच सांगितलं. त्यांच्या खुर्चीत दुमडून घातलेली गोधडी होती, जुन्या लुगड्यांची, मधोमध खाकी तुकडा आणि त्या तुकड्यावर चक्क एक खिसा. खिसा असलेली गोधडी मी पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून लक्षात राहिली.

मी त्यांना नमस्कार केला आणि भरतच्या अपघाताच्या चौकशीसाठी आलेय, विम्याची माणूस, एवढंच सांगितलं. आरोनलाही तेवढंच सांगितलं होतं. पारीचं नाव मी कुणापाशी काढलं नव्हतं.

नाओमीबाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग आरोन आत आहेत हे बघून त्यांनी हळूच विचारलं, “पारी कशी आहे?”

३

डिझेल जायच्या वाटा मोजक्याच असतात. पंपावर कमी भरतात, टाकीतून काढलं जातं, किंवा गाडी पिते.

पहिला संशय पंपावर. रोह्यातल्या ज्या पंपावर गाडी भरली जाई तिथला सखा वरवर गोड बोलणारा गडी. मी त्याला पाच लिटरचं माप काढायला लावलं. थेंबभर कमी आलं नाही. माझा अविश्वास त्याच्या नाकाला झोंबला, आणि त्या भरात त्याने एक गोष्ट सांगितली. भरत हल्ली पंपावर कटकट करायचा. नोझल लवकर काढ, झाकण लाव, सांडू नको, वास येतो. काचा घट्ट लावलेल्या.

“ड्रायव्हरला कधी डिझेलचा वास लागतो का हो?” सखा म्हणाला. “मी हसलो तर माझ्यावरच उखडला.”

ते मी मनात ठेवलं आणि वडखळला दत्तात्रेयच्या गॅरेजवर गेले. गाडीची सगळी कामं तिथेच होत. दत्तात्रेय हा माझ्या मते दुसरा संशयित. गॅरेजवाला आणि ड्रायव्हर मिळाले तर टाकी रिकामी व्हायला कितीसा वेळ लागतो? मी आडून आडून विचारत होते, पण तो खुळा नव्हता. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि मला थेट म्हटलं की संशय माझ्यावर असेल तर सरळ बोला. मग मी सरळ बोलले. त्यानेही सरळ सांगितलं.

त्याच्या मते भरतला काय झालं होतं कोण जाणे. आधी सोन्यासारखी गाडी चालवणारा माणूस. पावसानंतर त्याने तीन उद्योग सुरू केले. दत्तात्रेय एकदा बागेवर गेला तेव्हा त्याने स्वतः पाहिलं होतं, चढावर चिखल नाही, पाणी नाही, तरी फोर-व्हीलचा लो गिअर टाकून मुंगीच्या पावलांनी चढायचा आणि तसाच उतरायचा. त्यात इंजिन नुसतं फिरतं, गाडी पुढे सरकत नाही. दुसरं, वर्षानुवर्षं बंद असलेला एसी त्याने गॅस भरून चालू करून घेतला, तेही स्वतःच्या खिशातून, आणि मालकाला सांगू नका म्हणाला. मालवाहू पिकअपमध्ये एसी लावणारा, आणि त्यासाठी उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणारा ड्रायव्हर दत्तात्रेयने जन्मात पाहिला नव्हता. तिसरं काय ते त्याने मला बोलून दाखवलं नाही, मागे नेऊन दाखवलं.

गॅरेजच्या मागे पिकअपचे जुने टायर पडले होते. बदली ड्रायव्हर लागून ॲव्हरेज बारावर आल्यानंतर आरोनने नवे घातले होते. मी एक टायर उभा केला आणि हात फिरवला. मधली नक्षी नवीकोरी आणि दोन्ही कडा झिजून गुळगुळीत. चारही टायर तसेच. हवा महिनोन्‌महिने कमी ठेवली तरच टायर असा झिजतो. हवा कमी, तेवढा टायर रस्त्याला जास्त चिकटतो आणि तेवढं डिझेल जास्त जातं, हे लायसन काढायला आलेल्यालाही माहीत असतं. भरतला तर असणारच.

“मी त्याला दर वेळी सांगायचो, हवा भर,” दत्तात्रेय म्हणाला. “तो म्हणायचा, राहू दे शेठ, मऊ चालते.”

मी तो टायर धरून तशीच उभी राहिले. डिझेल चोरलं गेलंच नव्हतं, गाडीच प्याली होती. पण ते भरतने मुद्दाम पाजलं होतं. कशासाठी?

४

तळ्याच्या वाडीला जायला बागेपासून पुढे गाडीवाट आहे, पण वाट म्हणायची आपली रीत. दगड, चर, पुन्हा दगड. मी माझी गाडी खाली ठेवून चालत गेले. आंब्यांना मोहोर आला होता. मला दम लागला होता आणि मनातून वाईट वाटत होतं. पारीला काय सांगावं ते उमगत नव्हतं. तुझा नवरा चोर नव्हता, पण डिझेल उधळत होता, असं सांगायचं?

पारी दारात बसून कार्याचे तांदूळ निवडत होती. तिने मला पाणी दिलं. मी तिला टायरांचं, एसीचं, लो गिअरचं सगळं सांगितलं आणि विचारलं, त्या दिवसांत तो घरी काही बोलायचा का? नाही, बोलायचा नाही. किल्ली गेल्यावरसुद्धा नाही. तिने एकदा भांडून विचारलं होतं, तू घेतलं का डिझेल? तर म्हणाला, नाही घेतलं, पण आणखी काही विचारू नको. कुणाला तरी शब्द दिल्यासारखं वागत होता. शब्द दिला की मोडायचा नाही, ही त्याची खोड. त्यापायी ती त्याला शिव्या द्यायची, असं म्हणून पारी पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मीही तांदळात हात घालून बसले, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

डोळे पुसून ती म्हणाली, एकच गोष्ट. पावसानंतर तो घरातली चांगली गोधडी घेऊन गेला, सीट टोचते म्हणाला. तिला राग आला होता, कारण ती गोधडी तिने मुद्दाम शिवली होती. किल्ली गेली त्या दिवशी गोधडी परत आली नाही. मागायला जा म्हटलं तर गेला नाही.

मुद्दाम शिवली म्हणजे कशी, असं मी विचारलं.

“त्याचा पहिला खाकी शर्ट व्हता ना, डायवरकीचा,” पारी म्हणाली. “फाटला तवा टाकवंना मला. खिशासकट कापून मधोमध लावला. खिसा तसाच ठेवला मी.”

५

मी उतरून बागेत आले तेव्हा आरोन शिफ्ट करून नुकतेच पोचले होते. नाओमीबाई ओट्यावर नव्हत्या. खुर्ची रिकामी होती आणि गोधडी तिच्यात होती. मी आरोनना बसा म्हटलं. त्यांना समोर बसवून बोलताना मला जड जात होतं, पण पारीला शब्द दिला होता.

आधी चोरीचं बोलले. जो ड्रायव्हर डिझेल काढून विकतो तो उरलेलं जिवापाड जपतो. टायर टणक ठेवतो, गाडी हळुवार पळवतो, एसीला हात लावत नाही, कारण ॲव्हरेज पडला की तो पकडला जाणार असतो. भरतने नेमकं उलटं केलं होतं. ॲव्हरेज पाडणारी प्रत्येक गोष्ट त्याने केली आणि एसीच्या दुरुस्तीखेरीज एकही लपवली नाही. टायर तर तीन महिने तुमच्या डोळ्यांसमोर होते, मी म्हटलं.

आरोननी टायरांबद्दल पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. इंजिनीअर माणूस, हिशोब त्यांना लगेच कळला. मऊ चाकं, लो गिअर, एसी, आणि उभ्या गाडीत चालू ठेवलेलं इंजिन. बाराचे आठ व्हायला एवढं पुरे होतं.

“पण का?” ते म्हणाले. “नारळांना एसी कशाला?”

नारळांना नाही. टायरची हवा कमी केली की हिसका कमी बसतो. लो गिअरने उतरलं की गाडी उसळत नाही. एसी अंगाची आग होते त्याला लागतो. डिझेलचा वास पोटात ढवळतं त्याला सहन होत नाही. आणि गोधडी टोचणाऱ्या सीटवर घालतात ती हाडं दुखणाऱ्यासाठी. या सगळ्यातून गाडीत एक माणूस दिसत होतं, मी त्यांना सांगितलं. ठरलेल्या वारी तुमच्याच मालाबरोबर तुमच्याच रस्त्याने पेणला जाणारं, म्हणून किलोमीटर वाढले नाहीत. तुम्ही धाटावला असताना जाणारं आणि तुम्ही यायच्या आत परतणारं. घरात तुम्ही दोघंच आहात, आणि त्या खुर्चीतली गोधडी पारीने भरतचा शर्ट लावून शिवलेली आहे.

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. गोधडीवरचा खिसा त्यांनी रोजच पाहिला असेल. आता त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

“भरतला काढल्यावर ॲव्हरेज सुधारला असं तुम्ही मला सांगितलंत,” मी म्हटलं. “तो यामुळे सुधारला की तुमच्या आईचं औषध थांबलं.”

हे मी असं बोलायला नको होतं. माझं तोंडच तसं. आरोन उठले, पण त्यांना कुठे जायचं ते कळेना. तेवढ्यात नाओमीबाई दारात आल्या. चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

दुखणं पाठीच्या मणक्यात होतं, हाडांत पसरलेलं, असं त्या सांगू लागल्या. पावसाळ्यात कळलं. पेणच्या एका डॉक्टरांकडे सुई लावून बाटलीतून औषध देत. त्यानंतर अंगाची लाही व्हायची. बाई तासभर गाडीतच पडून राहायच्या, गार हवेत, भरत बाहेर उन्हात बसायचा. मग तो त्यांना डोंगरावर आणायचा. खड्ड्यांनी भरलेल्या त्या हायवेवरून, जो बापजन्मी पूर्ण होणार नाही, आणि मग बागेच्या चढावरून. पहिल्या फेरीला त्या वेदनेने ओरडल्या होत्या. दुसऱ्या फेरीला चाकांची हवा कमी होती, सीटवर गोधडी होती. त्यांनी काही सांगितलं नव्हतं.

आरोनपासून लपवलं, कारण कळलं असतं तर तो जाणार नव्हता. तिकडे बायको आणि मुलगी किती दिवस वाट पाहणार? एकदा तो विमानात बसला की मग माझं काय व्हायचं ते होऊ दे, असं त्यांनी ठरवलं होतं. भरतकडून त्यांनी वचन घेतलं होतं.

“आई, मी त्याला इथे उभा केला होता,” आरोन म्हणाले. “या ओट्यावर. तू इथेच होतीस.”

“होते. मी तोंड उघडलं होतं, आरोन. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.” त्यांनी चौकटीवरचा हात बदलला. “आणि मी ऐकलं त्याचं. मला सोयीचं होतं ते ऐकणं. वाटलं, तू गेलास की त्याला बोलावून घेईन, किल्ली देईन, वाडीत जाऊन सगळं सांगेन. तो मरेल असं मला काय ठाऊक?”

आजवर मी किती गाड्या पाहिल्या आणि दर वेळी एकाचं नाव सांगून मोकळी झाले. त्या संध्याकाळी ओट्यावर दोघंही माझ्यासमोर होती आणि मला एकाचंही नाव घ्यावंसं वाटेना. आरोननी घाई केली होती, आईने उशीर. मधल्या मधे मेला तो ज्याने दोघांनाही सांभाळलं होतं.

आरोन आईजवळ गेले नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसून त्यांनी तोंड हातांत घेतलं. शेवटी नाओमीबाईच चौकट सोडून दोन पावलं आल्या आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना उभं राहवत नव्हतं हे मला दिसत होतं.

“कार्य कधी आहे?” त्यांनी मला विचारलं.

६

कार्याच्या दिवशी मी मुद्दाम बागेवरून गेले. बदली ड्रायव्हरला सुट्टी दिलेली होती. पिकअप उभी होती आणि आरोन पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून बसले होते. व्हॉल्व्हमध्ये काडी दाबून हवा सोडत होते. चारही चाकांची सोडली. किती सोडायची ते मला विचारलं नाही, टायरवर हात दाबून बघत होते. मग आत जाऊन आईला दोन्ही हातांनी धरून बाहेर आणलं. गोधडी सीटवर घातलेली होती. मी मागे नारळांच्या जागेत बसले.

बागेपासून वाडी दूर नाही, चालत मला फार वेळ लागला नव्हता. गाडीला त्याहून जास्त लागला. आरोन लो गिअरमध्ये चढत होते, एकेक दगड बघून, एकेका चराशी थांबून. काचेतून मला बाईंचा वरची दांडी धरलेला हात दिसत होता. दांडीला चिंधी गुंडाळलेली होती. तीही भरतनेच गुंडाळली असणार.

वाडीत माणसं जमली होती. गाडी ओळखून ती मागे सरली. नाओमीबाईंना खाली उतरता आलं नाही. दार उघडून त्या तशाच सीटवर बसून बोलल्या. आवाज बारीक होता, म्हणून आरोननी त्यांचं प्रत्येक वाक्य मोठ्याने पुन्हा सांगितलं. आई म्हणते, भरतने डिझेल घेतलं नाही. आई म्हणते, तो मला दवाखान्यात न्यायचा, मला दुखू नये म्हणून गाडी हळू चालवायचा, त्यात डिझेल जायचं. आई म्हणते, मला हे माहीत होतं आणि मी बोलले नाही. यानंतर बाई थांबल्या, पण आरोन थांबले नाहीत. पुढचं त्यांचं स्वतःचं होतं. “चोर मी म्हटलं. विचारलं नाही, बघितलं नाही, म्हटलं. ग्रुपवर लिहिलं होतं, काल तिथेच खरं काय ते लिहिलंय. पण त्यानं तो परत येत नाही.”

 भरतचा म्हातारा काका एका बाजूला जाऊन उभा राहिला. पाहुण्यांपैकी एक बाई रडायला लागली, मग आणखी एकदोघी. मला वाटलं होतं पारी ओरडेल, दगड उचलेल. तिने उचलला असता तर मी मधे पडले नसते.

ती गाडीपाशी आली. नाओमीबाईंनी आरोनच्या आधाराने अंग थोडं उचलून खालची गोधडी ओढून काढली आणि तिच्यापुढे धरली. ही तुझी, मी ठेवून घेतली होती, असं काहीसं पुटपुटल्या. माफी त्यांनी मागितली नाही. बहुतेक मागायचं धाडस झालं नाही.

पारीने गोधडी घेतली. खाकी खिशावरून हात फिरवला, खिशात बोटं घालून पाहिली. आत काही नव्हतं.  मग तिने बाईंना खांद्याला धरून जरा पुढे वाकवलं, गोधडी पुन्हा सीटवर पसरली आणि कडा नीट केल्या.

“राहू दे, आजी,” ती म्हणाली. “उतरताना लागंल.”

मग ती तांदूळ शिजायला टाकायला आत गेली, आणि आरोननी दार हळू लावलं.